सात सेकंदांची पातळी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटची उंची मोजायला जाते. फाइलमध्ये उंची लिहिलेली असते, वजनही असतं, तरी मी टेप घेऊनच जाते. माणसं आपली उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढवून सांगतात आणि वजन वर्षभरापूर्वीचं सांगतात. त्यात कुणाचा दोष नाही. पण दुसऱ्या दिवशी मला त्या माणसाचं रक्त चालवायचं असतं, आणि किती चालवायचं ते या दोन आकड्यांवर ठरतं.

त्या दिवशीचे काका पासष्टीचे होते. हृदयातली मायट्रल झडप बदलायची होती. मी टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावायला लागले तशी त्यांनी उशीवरून मान उचलली. "ताई, माप घेताय, कपडे शिवायचेत की काय?"

"शिवणारे दुसरे आहेत, काका. ते शिवत असतील तेव्हा तुमचं रक्त फिरतं ठेवणारी मी."

ते जरा वेळ छताकडे बघत राहिले. "म्हणजे माझं काळीज तेव्हा बंद असणार?"

"हो. तास-दीड तास."

"आणि तुम्ही?"

"मी चालू."

उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. यावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात. काकांचं पावणेदोन चौरस मीटरच्या जरा वर आलं. एका चौरस मीटरमागे मिनिटाला साधारण २.४ लिटर रक्त धरायचं, म्हणजे काकांना सव्वाचार लिटर. अंगात रक्त असेल पावणेपाच लिटर. माझ्या यंत्राच्या नळ्यांमध्ये आधीच भरलेला सव्वा लिटरच्या आसपास द्रव त्यात मिसळणार, म्हणजे ३६ टक्के असलेला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, २९ वर उतरणार. चालेल, रक्त द्यावं लागणार नाही बहुतेक. मग किडनीचे रिपोर्ट, मानेतल्या धमन्या, रक्त गोठू न देणारं हेपारिन आधी कधी दिलंय का, कशाची अॅलर्जी आहे का. हृदय जन्मभर कुणाला न विचारता आपलं काम करत असतं. ते दीड तास दुसऱ्याने करायचं तर आदल्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

मी परफ्युजनिस्ट आहे, ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र चालवणारी. या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओतणं, भरून वाहवणं असा आहे. थिएटरमध्ये मात्र आम्हाला 'पंप' एवढंच म्हणतात. "पंप तयार आहे का?" म्हणजे यंत्र तयार आहे का आणि मी तयार आहे का, दोन्ही. मला हे आवडतं. त्या वेळी आम्हा दोघांत फरक करायची गरजच नसते.

'बायपास' या शब्दाचाही घोळ होतो. लोकांच्या तोंडी बायपास म्हणजे हृदयाच्या बंद धमनीला पायातल्या किंवा छातीतल्या रक्तवाहिनीने पर्यायी वाट काढून देणं. आमच्या भाषेत 'ऑन बायपास' म्हणजे पेशंटचं रक्त हृदय आणि फुप्फुसांना वळसा घालून यंत्रातून फिरतंय. झडप बदलायची असो, हृदयातलं भोक बुजवायचं असो की महाधमनी बदलायची असो, हा वळसा लागतोच. उलट धमनीची बायपास पुष्कळदा धडधडत्या हृदयावरही करतात. तेव्हा मी बाजूला पंप घेऊन उभी असते आणि तो लागू नये अशी प्रार्थना करते.

सकाळी सगळ्यांच्या आधी आम्ही थिएटरमध्ये असतो. निर्जंतुक पाकिटं फोडायची, नळ्या जोडायच्या. अर्ध्या इंचाची जाड नळी शिरांकडून रक्त आणणार, तीन अष्टमांश इंचाची धमनीकडे नेणार. मध्ये रिझर्व्हॉयर, म्हणजे रक्त साठण्याचं पारदर्शक भांडं, त्यावर मिलिलिटरच्या रेघा. मग पंप. मग ऑक्सिजनेटर, म्हणजे आमचं फुप्फुस: बारीक दोऱ्यासारख्या हजारो पोकळ तंतूंचा गठ्ठा. तंतूंच्या आतून ऑक्सिजन जातो, बाहेरून रक्त. सगळे तंतू उलगडून पसरले तर दोनेक चौरस मीटर जागा व्यापतील. माणसाच्या फुप्फुसांचा पृष्ठभाग असा पसरला तर सत्तरच्या आसपास भरतो. एवढ्या तोकड्या जागेत निभावून न्यायचं असतं, आणि निभतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो हवा काढण्यात. आधी नळ्यांमधून कार्बन डायऑक्साइड सोडते. मागे राहिलाच तर तो साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर द्रवात विरघळतो. मग द्रव भरते, पंप सुरू करते, आणि ऑक्सिजनेटरला तळहाताने थापट्या मारत राहते. पाठीवर थापटून बाळाची ढेकर काढतात तशा. बुडबुडे वर येतात, फिल्टरपाशी गोळा होतात, निघून जातात. एखादा मात्र जोडाच्या कडेला चिकटून बसतो. नळीला बोटाने टिचकी मारली की थरथरतो आणि जागचा हलत नाही. दिव्याकडे धरून बघितल्याशिवाय तो दिसतही नाही. त्याला हुसकून लावल्याशिवाय मी पुढे जात नाही. शिरेतून गेलेला एखादा बुडबुडा फुप्फुसाची चाळणी अडवते. माझी नळी थेट महाधमनीत जाते, तिथून मेंदू वीतभर अंतरावर असतो.

एक तपासणी मी दुसऱ्या कुणावर कधीच सोपवत नाही. व्हेंट नावाची एक नळी असते. ऑपरेशन चालू असताना हृदयाच्या डाव्या कप्प्यात साचणारं रक्त ती ओढून घेते. ती पंपाच्या चाकात उलटी बसली तर ओढण्याऐवजी हृदयात हवा फुंकेल. नळी तीच, चाक तेच, फक्त दिशा उलटी, आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून टेबलावरच्या सिस्टर नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवतात, मी चाक सुरू करते, आणि आम्ही दोघी वाटीकडे बघतो. पाणी नळीत चढलं पाहिजे. "ओढतंय," सिस्टर म्हणतात. "ओढतंय," मी म्हणते. आजवर हजारो वेळा पाणी चढलेलंच बघितलंय. तरी वाटीशिवाय मी पुढे जाणार नाही.

हँड क्रँकही रोज बघते. वीज गेली तर यंत्राची बॅटरी तासभर तरी चालते, पण बॅटरीही रुसली तर पंप हाताने फिरवायचा असतो. हँडल बसवायचं, बाण दाखवतो त्या दिशेला फिरवायचं, आणि थांबायचं नाही. अंधारात हाताला ते सापडलं पाहिजे, म्हणून ते कायम एकाच जागी ठेवलेलं असतं.

छाती उघडली की सर्जन म्हणतात, "हेपारिन." किलोमागे ३०० ते ४०० युनिट, काकांच्या हिशेबाने २० हजारांच्या वर. भूलतज्ज्ञ ते मोठ्या शिरेतून देतात. तीन मिनिटांनी रक्ताचा नमुना येतो आणि तो गोठायला किती सेकंद लागतात ते मी मोजते, त्या आकड्याला एसीटी म्हणतात. एरवी शंभर-सव्वाशे सेकंदांत गोठणारं रक्त आता ४८० सेकंद तरी गोठता कामा नये. आकडा त्याहून कमी असताना यंत्रावर घेतलं तर ऑक्सिजनेटरमध्येच गुठळ्या होतील. हा आकडा हाती येईपर्यंत सगळं थिएटर माझ्यासाठी थांबतं आणि कुणी कितीही घाई केली तरी मी आकड्याशिवाय 'हो' म्हणत नाही. यंत्र वगैरे पुढचं, या कामाची पहिली जबाबदारी मला हीच वाटते. योग्य वेळ येईपर्यंत 'नाही' म्हणणं.

"एसीटी ५१२."

"ऑन बायपास."

"ऑन बायपास," मी म्हणते आणि शिरांच्या नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, काढते. काळपट, जांभळटसर रक्त नुसत्या उताराने माझ्या भांड्यात उतरायला लागतं. मी पंपाचा नॉब फिरवते: एक लिटर, दोन, तीन, सव्वाचार. ऑक्सिजनेटरच्या एका बाजूला काळं रक्त जातं, दुसऱ्या बाजूने लालभडक बाहेर पडतं. रंग बदललेला डोळ्यांनी दिसल्यावरच मी म्हणते, "फुल फ्लो." भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर थांबवतात. फुप्फुसं खाली बसतात. मॉनिटरवर रक्तदाबाच्या ज्या लाटा येत होत्या त्या हळूहळू बसक्या होतात आणि शेवटी एक जवळजवळ सरळ रेघ उरते. नवीन विद्यार्थी ती रेघ पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात. सरळ रेघ म्हणजे सगळं संपलं असं सगळ्यांच्या मनात बसलेलं असतं. इथे ती रेघ ६५ वर सरळ आहे. माणूस जिवंत आहे, मेंदूला ऑक्सिजन मिळतोय, मूत्रपिंडं लघवी तयार करतायत. नाडी तेवढी नाही.

आता पातळी.

रिझर्व्हॉयरमध्ये साधारण अर्धा लिटर रक्त असतं. पंप मिनिटाला सव्वाचार लिटर ढकलतो, म्हणजे सेकंदाला सत्तर मिलिलिटर. शिरांकडून येणारं रक्त काही कारणाने थांबलं, नळी दुमडली, सर्जनच्या हाताने हृदय जरा उचललं गेलं, नळीत हवेची खुंटी बसली, तर अर्धा लिटर किती पुरेल? सात सेकंद. आठव्या सेकंदाला भांडं रिकामं आणि पंपाच्या तोंडी हवा. अलार्म आहेत, बुडबुडे ओळखणारे सेन्सर आहेत, पातळी खाली आली तर पंप आपोआप थांबवणारी सोय आहे. हे सगळं मी रोज तपासते, आणि तरी डोळे त्या रेघांवरून हलवत नाही. हात कागदावर लिहीत असतो, कान सर्जनकडे असतात, दर अर्ध्या तासाला रक्तवायूंची तपासणी चाललेली असते, पण डोळ्यांत तेल घालून बघायचं ते त्या पातळीकडे.

शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. पंप मी चालवत होते, माझे शिक्षक शेजारी उभे होते. डाव्या कप्प्याचं काम चालू होतं आणि सर्जनना खोलवर टाका घ्यायचा होता, म्हणून त्यांनी हृदय जास्त ओढून धरलं. पातळी उतरायला लागली. मला दिसत होतं. पाचशेची रेघ उघडी पडली, चारशेची पडली. सर्जन फार मोठे होते, मी फार लहान होते, आणि थिएटर अगदी शांत होतं. आता सोडतील हात, असं मी मनाशी म्हणत राहिले. तीनशेची रेघ उघडी पडली तेव्हा माझ्या हातावर शिक्षकांचा हात आला, त्यांनी नॉब खाली फिरवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, रिटर्न नाही. फ्लो दोनवर आणलाय." सर्जननी त्याच क्षणी हात सैल केला. "आता?" त्यांनी विचारलं. "आला," शिक्षक म्हणाले. नळीतून रक्त पुन्हा धो धो उतरलं. सर्जन रागावले नाहीत. त्यांना फक्त माहीत नव्हतं, कारण सांगणारी मी होते आणि मी सांगितलं नव्हतं.

केस संपल्यावर शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सातातली तीन सेकंदं तू कुणासाठी गप्प राहिलीस?"

मला उत्तर देता आलं नाही. पेशंटसाठी तर नक्कीच नव्हते. सर्जनना वाईट वाटू नये म्हणून, आणि माझा आवाज मला मोठा वाटेल म्हणून. त्या दिवसापासून पातळी हलली की मी बोलते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुला-मुलींना पंप शिकवण्याआधी मोठ्याने बोलायला शिकवते. सर्जन म्हणाले "फ्लो डाउन" तर आपणही "फ्लो डाउन" म्हणायचं, करायचं, झालं की "डाउन" म्हणायचं. बाहेरच्या माणसाला ही पोपटपंची वाटेल. पण महाधमनीवर क्लॅम्प लावताना किंवा काढताना पंप जोरात असेल तर धमनीची भिंत फाटू शकते. तिथे 'त्यांनी ऐकलं असेल' या भरवशावर कुणीही हात चालवत नाही.

कधी कधी पंपाशी उभं असताना मला जॉन गिबन आठवतात. १९३०-३१ च्या सुमाराला बॉस्टनमध्ये हा तरुण डॉक्टर रात्रभर एका बाईंच्या उशाशी बसून होता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली होती, शिरा फुगत होत्या, रक्त काळं पडत चाललं होतं. त्याच्याकडे काम होतं ते दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवण्याचं. सकाळी वरिष्ठांनी छाती उघडून गुठळ्या काढल्या, पण बाई वाचल्या नाहीत. त्या रात्री त्याच्या मनात आलं की हे काळं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन घालून, धमनीत परत सोडता आलं असतं तर! मग त्याने आणि त्याची पत्नी मेरी हिने वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत मांजरांवर प्रयोग केले. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं भोक गिबननी बुजवलं, तेव्हा ती २६ मिनिटं पूर्णपणे यंत्राच्या भरवशावर होती. ती वाचली. त्यानंतरचे पेशंट मात्र दगावले आणि गिबननी स्वतः पुन्हा हे यंत्र लावून ऑपरेशन केलं नाही. वीस वर्षं एका गोष्टीमागे घालवून, ती साधून, मग थांबायचं. मला या थांबण्याचाही आदर वाटतो. त्यांच्या यंत्रात सुधारणा करून १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी तेच काम पुढे नेलं.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते मिनेसोटातलं. १९५४ च्या मार्चमध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी वर्षभराच्या एका बाळाचं ऑपरेशन केलं ते यंत्राविना. शेजारच्या टेबलावर बाळाचे वडील झोपले होते. बाळाचं काळं रक्त वडिलांच्या शिरेत, वडिलांचं लाल रक्त बाळाच्या धमनीत, मध्ये एक साधा पंप. बापाचं हृदय आणि बापाची फुप्फुसं त्या वेळेपुरती दोघांसाठी चालली. ऑपरेशन नीट झालं, पण ते बाळ पुढे काही दिवसांनी गेलं. तरी पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात अशी ४५ ऑपरेशनं झाली आणि त्यातली २८ मुलं घरी गेली. मी जी जागा घेते ती मुळात त्या बापाची आहे. यंत्राच्या नळ्या जोडताना हे माझ्या मनातून जात नाही.

काकांच्या महाधमनीवर क्लॅम्प लागला. "क्लॅम्प ऑन." दुसरं घड्याळ सुरू झालं. आता हृदयाला स्वतःलाही रक्त नाही. म्हणून त्याला झोपवायचं. चार अंशांपर्यंत थंड केलेलं, पोटॅशियम मिसळलेलं रक्त मी हृदयाच्या धमन्यांत सोडते. याला कार्डिओप्लेजिया म्हणतात, आम्ही नुसतं 'प्लेजिया'. दाब किती, प्रमाण किती, किती मिलिलिटर गेलं, हे मोठ्याने सांगत जाते. ईसीजीवरचे ठोके विरळ होतात, एखाद-दुसरा लांबतो, आणि थांबतात. हृदय मऊ पडतं. दर वीस मिनिटांनी पुन्हा थोडी प्लेजिया द्यायची. "वीस मिनिटं झाली, सर." सर्जन टाक्यात गुंतलेले असतात, त्यांना 'दोन मिनिटं' हवी असतात. दोन मिनिटं मी देते. दोनाची चार झाली की पुन्हा म्हणते.

बाकीची कामं एकातून दुसरी निघतात. शरीर ३२ अंशांपर्यंत थंड करणं, साखर, पोटॅशियम, परत येणाऱ्या रक्तातला उरलेला ऑक्सिजन ७० टक्क्यांखाली तर जात नाही ना, लघवी किती, हेपारिन पुन्हा लागेल का. त्यांची यादी करून वाचणाऱ्याला काही हाती लागणार नाही.

महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन मात्र वेगळं असतं. तिथे नळ्या घालायला जागाच नसते, म्हणून पेशंटला १८ अंशांपर्यंत थंड करतात. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या. मेंदूच्या लहरी सपाट. आणि मग सर्जन म्हणतात, "पंप ऑफ." मी नॉब शून्यावर आणते आणि पेशंटचं रक्त माझ्या भांड्यात उतरवून घेते. एरवी जिच्या कमी होण्याची धास्ती असते ती पातळी आता वर वर चढत काठोकाठ येते. माणूस रिकामा आणि भांडं भरलेलं. ठोका नाही, श्वास नाही, प्रवाह नाही. थिएटरमध्ये कुणी विनाकारण बोलत नाही. माझ्या हातांना काही काम नसतं. मी फक्त मिनिटं सांगते. "पाच." "दहा." पुष्कळदा उजव्या काखेतल्या धमनीतून मेंदूपुरतं थोडं रक्त चालू ठेवतात, तेव्हा किलोमागे मिनिटाला दहा मिलिलिटर एवढा बारीक प्रवाह माझ्या हाती असतो आणि जीव जरा भांड्यात पडतो. नसला तर अर्ध्या तासाच्या पुढचं प्रत्येक मिनिट सांगताना घसा कोरडा पडतो.

आणि बाळं. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलिलिटर रक्त असतं, एका पेल्याएवढं. माझ्या सगळ्यात लहान नळ्यांतही नुसता साधा द्रव भरला तर बाळाचं रक्त निम्म्यावर पातळ होईल, म्हणून आधी रक्तपेढीचं रक्तच भरून ठेवते, त्यातलं पोटॅशियम आणि कॅल्शियम दुरुस्त करून. बाळाला मिनिटाला साडेचारशे मिलिलिटर चालवायचं, भांड्यात जेमतेम पन्नास. हिशेब करून बघा. पुन्हा सातच सेकंद. भांडं लहान झालं म्हणून वेळ काही बदलली नाही.

काकांची झडप बसली, कप्पा शिवून झाला. आता गरम करायचं. घाई नडते ती इथे. सगळे दमलेले असतात, सगळ्यांना वाटतं पटकन ३७ करा. पण यंत्रातलं रक्त आणि शरीर यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, आणि मेंदूकडे जाणारं रक्त ३७ च्या वर कधीच न्यायचं नाही. थंड रक्तात विरघळलेला वायू झटपट तापवल्यावर बुडबुडे होऊन बाहेर पडतो. शिवाय थंडीतून उठलेला मेंदू जास्तीच्या उष्णतेने दुखावतो. हळूच गरम करते. कुणी घड्याळाकडे बघितलं तर बघू दे.

"फ्लो डाउन."

"फ्लो डाउन. डाउन."

"क्लॅम्प ऑफ."

आपल्या रक्ताची पहिली धार हृदयाच्या धमन्यांत गेली. काही क्षण ते नुसतं थरथरलं, पिशवीत किडे वळवळावेत तसं. सर्जननी दोन बाजूंनी चमच्यासारखे पॅडल लावून छोटा शॉक दिला. थांबलं. सगळे थांबले. मग एक ठोका. मग बराच वेळ काही नाही, निदान मला तो बराच वाटला. मग दुसरा, तिसरा, आणि लय लागली.

हृदयाचं काम त्याला परत देणं हा या दिवसातला मला सगळ्यात आवडणारा आणि सगळ्यात अवघड भाग. घेताना मी सगळं एका मिनिटात घेते. परत करताना थोडं थोडं करते. शिरांची नळी जराशी चिमटते, म्हणजे माझ्या भांड्यात कमी उतरेल आणि हृदयात जास्त भरेल. मॉनिटरवरची सरळ रेघ किंचित उंचसखल होते. फ्लो तीनवर. हृदय भरतंय, फुगत तर नाही ना? भूलतज्ज्ञ पडद्यावर त्याची हालचाल बघतात. दोनवर. लाटा दिसायला लागल्या. एकवर. आता ते जवळजवळ एकट्याने चाललंय. "दाब शंभर," भूलतज्ज्ञ म्हणाले. "पंप ऑफ," सर्जन म्हणाले. मी शून्यावर आणलं आणि दोन्ही नळ्यांवर क्लॅम्प लावले.

"ऑफ बायपास. पंप १०८ मिनिटं, क्लॅम्प ८१."

मग प्रोटामिन. सॅमन माशाच्या शुक्रद्रव्यातून मूळ मिळालेलं हे औषध हेपारिनला धरून निष्प्रभ करतं. हेपारिनचा शोध १९१६ सालचा, मॅक्लीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने कुत्र्याच्या यकृतावर काम करताना लावलेला. माशाने यकृताचा परिणाम उतरवायचा. निसर्गात यांची गाठ कधी पडली नसती. प्रोटामिन सुरू झालं की मी लगेच म्हणते, "सक्शन बंद." छातीतलं रक्त ओढून घेणाऱ्या नळीतून त्याचा एक थेंब जरी माझ्या भांड्यात आला तरी आतलं रक्त गोठेल, आणि पुन्हा यंत्रावर जावं लागलं तर यंत्र उरणार नाही. म्हणूनच छाती शिवून पेशंट थिएटरबाहेर जाईपर्यंत मी नळ्या सोडवत नाही. भांड्यात उरलेलं रक्त तेवढं सावकाश पेशंटला परत देते. ते त्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आयसीयूत गेले. मला तिथे काही काम नव्हतं. काकांच्या तोंडातली नळी निघाली होती, आवाज बसलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं नाही असं मला वाटलं. मॉनिटरवर लाटा एकामागे एक चालल्या होत्या, मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माप बरोबर आलं का?"

"बरोबर आलं, काका."

त्यांनी चादरीवरून हात जरासा पुढे केला. मी हातात घेतला. बोटं टोकापर्यंत उबदार होती. सवयीने मी त्यांच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं, आणि दोन सेकंदांच्या आत ते गुलाबी झालं.